घरच्या कपड्याला खूण नसते

लाँड्रीच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. गिऱ्हाइकाचा कपडा आला की धुण्यात टाकायच्या आधी कॉलरच्या आत लाल दोऱ्याने खूण घालायची. कुणाची एक फुली, कुणाच्या दोन, कुणाची फुली आणि शेजारी आडवा टाका. मग तो कपडा ढिगात कितीही मिसळला तरी ज्याचा त्याच्या घरी बरोबर जातो. घरच्या कपड्याला मात्र खूण घालत नाहीत. ज्याला खूण नाही तो आपला, दुसरं काही बघावं लागत नाही.

या गोष्टीतली इस्त्रीवाली त्या रीतीत एकदाच चुकली होती. तेव्हा ती स्वतःच पोरवयाची होती आणि धाकटा भाऊ शाळेत जाणारा. बाप कधीच घर सोडून गेलेला. आई दुखण्याने अंथरुणाला खिळली आणि एका थंडीत गेली. गल्लीतल्या म्हाताऱ्या परटाला हाताखाली माणूस हवं होतं, त्याने पोरीला ठेवून घेतलं. पुढे तोही गेला, आणि ते एका खोलीचं दुकान, कोळशाची इस्त्री आणि गिऱ्हाइकं तिच्याकडे आली. पुढे टेबल, मधे पडदा, पडद्यामागे घर. तर एकदा कामाच्या घाईत तिने धाकट्याच्या शाळेच्या शर्टालाही फुली घालून टाकली. त्याने शर्ट घालता घालता ती बघितली आणि तिथेच फतकल मारली.

"हे काय आहे? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"अरे, चुकून घातली. कोण बघतंय कॉलरच्या आत?"

"मी बघितली ना!"

शाळा बुडवली पठ्ठ्याने. जेवलाही नाही. शेवटी तिने दातानेच तो दोरा उसवला, तुकडा थुंकून टाकला, तेव्हा कुठे स्वारी हसली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरूनच नेहमीची आरोळी आली, "ताई, आलो गं!" ती आरोळी ऐकली की ती हातातली इस्त्री बाजूला ठेवून आत चहाचं पाणी ठेवायची. पुढच्या सगळ्या आयुष्यात तिला हवं होतं ते एवढंच, आणि तेही तिने कितीतरी वर्षं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

धाकट्याचं डोकं अभ्यासात बेताचं, पण जीभ अशी की दगडाला पाझर फुटावा. कपडे पोचवायला पाठवला की त्या घराची सगळी हकीगत घेऊनच परत यायचा. कुणाची सून रुसली आहे, कुणाची बढती अडली आहे, कुणाच्या नळाला पाणी येत नाही. नुसती हकीगत नव्हे, पुढच्या खेपेला तो नळाचं काम करवून यायचा. कुठल्या कचेरीत कुठल्या कारकुनाशी गोड बोलायचं हे त्याला उपजतच कळत होतं. शेजारच्या शिंपीणबाईचं मशीन आणि तोंड सारख्याच वेगाने चालायचं. ती म्हणायची, "भावाला कपडे पोचवायला पाठवतेस की मतं मागायला?"

वॉर्डाच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याचे कपडेही हिच्याचकडे येत. म्हाताऱ्याला पोरगा आवडला. आधी पिशवी धरायला, मग खुर्च्या मांडायला, मग बडे पाहुणे येईपर्यंत सभा धरून ठेवायला. अन् एक दिवस म्हाताऱ्याचा घसा बसला आणि संध्याकाळच्या सभेत धाकट्यानेच बोलावं असं ठरलं.

आता अंगात घालायला धड शर्ट नाही. होता त्याची कोपरं विरलेली. धाकटा दुकानात येऊन उभा राहिला आणि दोरीवर लटकलेल्या वकिलांच्या पांढऱ्या शर्टाकडे बघू लागला.

"नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाचा कपडा आपल्या अंगाला लावायचा नसतो."

"तासाभराचा तर प्रश्न आहे, ताई."

"नाही म्हटलं ना."

तो तिथून हलला नाही. नुसता तोंड पाडून उभा राहिला, आणि धाकट्या भावाने तोंड पाडलं की काय होतं ते थोरल्या बहिणींनाच विचारावं. तिने शर्ट काढला, कॉलरीवरून पुन्हा एकदा इस्त्री फिरवली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या अंगात घातला. आत वकिलांची खूण होती, दोन फुल्या आणि मधे एक टाका. "मान फार हलवू नकोस," तिने बजावलं.

सभा गाजली. लोकांनी धाकट्याला अक्षरशः खांद्यावर घेतलं, आणि त्या ओढाताणीत शर्टाची बाही खांद्यातून उसवली. शिंपीणबाईने ती अशी शिवून दिली की ब्रह्मदेवालाही कळू नये. पण पुढच्याच रांगेत वकीलसाहेब बसलेले, आणि आपला शर्ट माणूस ओळखतोच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपडे उचलले, हिशेब चुकता केला आणि पुन्हा आले नाहीत. त्यांच्यामागोमाग वरच्या रस्त्यावरची सगळी मोठी घरं गेली. ती वर्षं तिने कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. दोन फुल्या आणि मधे टाका, ही खूण मात्र तिने पुढे कुणालाच दिली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं.

घड्याळं दुरुस्त करणारा एक भला माणूस तेव्हा तिच्याकडे न मळलेले कपडे धुवायला आणून देत असे. सगळ्या गल्लीला समजलं होतं, तिलाही समजलं होतं. "आधी याचं मार्गी लागू दे," असं म्हणत तिने त्याला थांबवून ठेवलं, आणि थांबून थांबून त्याने दुसरीकडे संसार मांडला. त्याच्याकडून मग खरोखरचे मळके कपडे येऊ लागले, लहान मुलांचे सुद्धा.

धाकट्याचं मार्गी लागलं, आणि कसं! म्हातारा पुढारी वारला, त्याची जागा याला मिळाली. वॉर्डातून शहरात, शहरातून जिल्ह्यात. ज्या पायरीवर बसून इतरांची उमर जाते, ती हा चपलांसकट ओलांडत होता. पहिली निवडणूक जिंकला तेव्हा तिने कापड आणून त्याच्यासाठी पांढरा शर्ट शिवून घेतला. त्याने कॉलर उलटी करून आत पाहिलं आणि हसत म्हणाला, "खूण नाही ना घातलीस?"

"घरच्या कपड्याला कशाला?" ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

मग पक्षाने त्याला लांबच्या मतदारसंघातून मोठ्या निवडणुकीला उभं केलं. शेवटच्या सभेला ती आणि शिंपीणबाई बस धरून गेल्या आणि मैदानात मागे उभ्या राहिल्या. समोरचा उमेदवार बड्या घराण्यातला. लोक धाकट्याचं ऐकून घेईनात, आपसात बोलत होते, काही उठून चालले होते. भाषण पडतंय असं दिसलं आणि धाकटा एकदम थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या आईने लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून मला वाढवलं. इस्त्री करता करताच ती गेली. आज मला ना घर, ना दार, ना भाऊ, ना बहीण. मी पैसे खाल्ले तर कुणासाठी खाऊ? माझं जे कोणी आहे ते तुम्हीच आहात."

उठलेले लोक खाली बसले. बायका डोळे पुसू लागल्या. इस्त्रीवालीही रडली. आधी ती सगळ्यांबरोबर रडली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हे आपल्याच घराबद्दल चाललंय.

शिंपीणबाई तिच्याकडे बघत राहिली. "अगं, तू मेलीस की काय?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला आणि कपड्यांच्या ढिगावर बसला. लहानपणी बसायचा तसाच.

"ताई, तोंडातून निघून गेलं."

"आईने कधी इस्त्री हातात धरली नव्हती रे."

"माहीत आहे. पण लोक कसे रडले, बघितलंस ना?"

"बघितलं."

"आता मागे घेतलं तर खोटा पडेन मी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. "नको घेऊस मागे," ती म्हणाली. "आईला तेवढंच नाव मिळालं. निवडून ये आधी, मग बघू."

शहाणी माणसं म्हणतील, तिथेच त्याचा कान पिळायला हवा होता. शहाण्यांचं काय जातं म्हणायला! तो निवडून आला, आणि ते 'मग बघू' कायमचं मागे पडलं. कारण ते 'कुणासाठी खाऊ?' वाक्य त्याच्यापेक्षा मोठं झालं. भिंतीभिंतींवर रंगलं, शाळेतल्या पोरांच्या तोंडी बसलं. ज्याला मागेपुढे कोणी नाही तो चोरी करत नाही, अशी लोकांची भाबडी समजूत. जसे काही चोर नुसत्या भाच्यापुतण्यांच्या काळजीनेच चोऱ्या करतात! गल्लीला खरं ठाऊक होतं, पण इस्त्रीवालीनेच एकेकाच्या घरी जाऊन सांगितलं, "घरचं घरात राहू द्या." पुढे रस्ता रुंद झाला, गल्ली निम्मी पाडली गेली, जुनी बिऱ्हाडं पांगली. तिची आणि शिंपीणबाईची खोली तेवढी वाचली.

तो मंत्री झाला. आधी आठवड्याने यायचा, मग निवडणुका लागल्या की यायचा, मग यायचा बंद झाला. त्याच्याऐवजी त्याचे शर्ट येऊ लागले. सरकारी गाडीचा ड्रायव्हर दर आठवड्याला एक बोचकं टेबलावर आणून ठेवायचा. बंगल्यावर वाफेच्या इस्त्र्या होत्या, हाताखाली माणसं होती, पण साहेबांना म्हणे दुसऱ्या कुणाच्या हातची कॉलर चालत नव्हती. ड्रायव्हरला वाटायचं, साहेबांच्या जुन्या ओळखीची कुणी इस्त्रीवाली असेल. बोचक्याबरोबर निरोप नसायचा. पण त्या शर्टांना ती खूण घालत नसे, आणि तिला तेवढं पुरायचं. ती कॉलरींचा वास घ्यायची. अत्तर बदललेलं तिला कळायचं. एकदा औषधाचा वास आला तर आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरला नाही. ड्रायव्हर आल्या आल्या तिने विचारलं, "साहेबांची तब्येत?"

"ठणठणीत," तो म्हणाला. "नुसता घसा बसला होता."

शिंपीणबाईला हे बघवत नसे. "तो जगाला सांगतो बहीण नाही, आणि तू इथे त्याच्या कॉलरी हुंगतेस!"

"शर्ट माझ्याकडेच पाठवतो ना?"

"पाठवेल नाहीतर काय! फुकटात इतकी चांगली इस्त्री कोण करून देतं?"

यावर इस्त्रीवाली हसली आणि शिंपीणबाईने तोंड फिरवलं, कारण तिला ते हसू सहन झालं नाही.

एक दिवस साहेबांचे चिटणीस आले. जाड चष्मा, आणि बोलणं लोण्यासारखं. या एका माणसाला सगळं ठाऊक होतं.

"ताई, साहेब ज्या खोलीत वाढले ती आम्ही जतन करणार आहोत. लोक लांबून येतील बघायला. आईंची इस्त्री, आईंचं टेबल..."

"टेबल माझं आहे."

"हो, हो, तेच ते," चिटणीस म्हणाले. "तुम्हाला कुठेही जायचं नाही. देखभालीला कुणीतरी लागणारच. पडद्यामागे तुमचं बिऱ्हाड आहे तसंच राहील. फक्त कुणी विचारलंच तर..."

"इथे कामाला आहे म्हणून सांगायचं?"

चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही समजूतदार आहात."

"साहेब येणार का?"

"उद्घाटनाला स्वतः येणार."

मग ती कशालाही हो म्हणाली असती. येणार म्हणजे या दारातून येणार. लोकांसमोर नाही बोलणार, तेवढं तिलाही कळत होतं. पण पडद्यामागे क्षणभर? हळू आवाजात? 'ताई, आलो गं' म्हणायला कितीसा वेळ लागतो!

आईचा एकही फोटो नव्हता. चित्रकार आला, डोकं खाजवत बसला आणि शेवटी केर काढणाऱ्या हिच्याकडे बघून म्हणाला, "बाई, जरा उजेडात बसता का?" त्याने केस थोडे जास्त पांढरे केले, डोळे थोडे जास्त कनवाळू केले आणि चित्र टेबलाच्या वर भिंतीवर चढलं. शिंपीणबाईने ते बघून कपाळाला हात लावला. "आंधळ्यालाही दिसेल!" ती म्हणाली. पण दिसलं कुणालाच नाही. भिंतीवरच्या बाईकडे लोक मान वर करून बघत, आणि खाली केरसुणी घेऊन उभ्या असलेल्या बाईला वाट द्यायला सांगत.

उद्घाटनाच्या सकाळी तिने धुतलेले कपडे घातले आणि पडद्यामागे मंद आचेवर चहाचं पाणी ठेवलं. कोपऱ्यावर आधी भोंगा वाजला, मग गाड्या आल्या, मग पोलीस, कॅमेरे, आणि त्या सगळ्यांच्या मधे तो. अंगात तिनेच परवा इस्त्री केलेला शर्ट. खोलीत शिरला आणि चित्रासमोर येऊन जागच्या जागी थांबला. तो चेहरा त्याने ओळखला. त्याचे डोळे भरून आले, आणि ते नाटक नव्हतं, हे ती कुणालाही शपथेवर सांगेल. त्याने चित्रापुढे मान लववली. मान लववली तशी मागे कॉलर उलटी झाली.

तिचा हात आपोआप पुढे गेला. आयुष्यभर जी कॉलर बसवली ती बसवायला गेला. अंगरक्षकाने तिचं मनगट वरच्या वर धरलं.

"या कोण?" एका वार्ताहराने विचारलं.

"इथली देखभाल बघतात," चिटणीस म्हणाले.

तो वळला. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, धरलेल्या मनगटाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. ती वाट बघत राहिली. सगळे कॅमेरे इकडे वळले.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "जागा छान ठेवलीत हो."

"होय, साहेब," ती म्हणाली. त्याच्या तोंडावर साहेब म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

गर्दी ओसरल्यावर ती पडद्यामागे गेली. पाणी आटून गेलं होतं आणि भांड्याचं बूड काळं पडलं होतं. ते घासत ती बराच वेळ बसली. शिंपीणबाई येऊन शेजारी बसली आणि भांडं तिच्या हातातून घेऊन स्वतः घासू लागली.

पुढचं बोचकं नेहमीसारखंच आलं. इस्त्रीवालीने त्यातला एक शर्ट निवडला आणि शेजारी गेली. "लाल दोरा दे गं."

"नवीन गिऱ्हाईक?"

"हो."

तिने कॉलर उलटी केली आणि आत दोन फुल्या घातल्या, मधे एक टाका. शिंपीणबाईने मशीन थांबवलं. ती खूण तिच्या ध्यानात होती, वकिलांच्या त्या शर्टाची बाही तिनेच शिवली होती. "अगं, हे काय करतेस?"

"त्याला कळेल," इस्त्रीवाली म्हणाली. "या धंद्यात वाढलाय तो. येईल बघ भांडायला. मी काय गिऱ्हाईक आहे म्हणून तणतणत येईल." मनातलं ती पहिल्यांदाच असं उघड बोलली, आणि बोलताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

शर्ट गेले. त्या आठवड्यात गाडीचा आवाज झाला की ती दारात येई. रोज तिसऱ्या प्रहरी चहाचं पाणी चढे आणि उतरे. संग्रहालय बघायला आलेल्या माणसांना ती भिंतीवरच्या आईबद्दल विचारतील ते सांगत होती, पण तिचं लक्ष कोपऱ्याकडे होतं.

गाडी आली, तेव्हाही पाणी चढवलेलंच होतं. उतरला तो ड्रायव्हर. त्याने बोचकं टेबलावर ठेवलं.

"मावशी, तो लाल दोरा तुम्ही घातलात का हो?"

"का?"

"बंगल्यावरचा माणूस कात्री घेऊन काढायला निघाला होता. साहेबांनी त्याच्या हातातून शर्ट काढून घेतला आणि बसले की कॉलर बघत! बाहेर बैठकीला माणसं खोळंबलेली, तरी बसून राहिले. मी म्हटलं, त्या इस्त्रीवाल्या बाईंना विचारून येऊ का?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, काही विचारू नकोस. बरोबर घातली आहे." ड्रायव्हरने बोचक्याची गाठ सोडली. "आणि म्हणाले, या बाकीच्यांनाही घालायला सांग."

आत सगळे पांढरे शर्ट होते. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग मागे जाऊन तिने चहाचं पाणी उतरवलं, चूल विझवली आणि पुढे येऊन दारातल्या उजेडात बसली. ड्रायव्हर होता म्हणून तिने रडू आवरलं, आणि त्यामुळे सुईत दोरा ओवायला तिला फार वेळ लागला. वरचा शर्ट मांडीवर घेऊन तिने दोन फुल्या घातल्या, मधे टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि पुढचा शर्ट उचलला.